मंजूच्या नावापुढची खूण

आपा,

तुला घेऊन माणसं निघाली तेव्हा मी तुझ्या उंबऱ्यावर उभी होते. तुमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, आमच्यातल्याही फारशा स्मशानात जात नाहीत, म्हणून आपल्या दोघींचा निरोप तिथंच आटोपला. तुझी धाकटी बहीण म्हणाली, "शालनताई, आत बसा, ऊन लागंल तुम्हाला." ज्या बाईमागं मी सोलापूरच्या उन्हात तीस-पस्तीस वर्षं वणवण केली, तिच्याच दारात मला ऊन लागणार होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हिला काय होतंय उन्हाचं, ऊनच हिला बघून गल्ली बदलतंय."

आत बायका बसल्या होत्या. निम्मी शुक्रवार पेठ आली होती. लहानपणी तुझ्या लसीची सुई खाल्लेल्या होत्या, पोरांना तुझ्यापुढं धरलेल्या होत्या, आणि दोन्ही झालेल्या तर कितीतरी. प्रत्येकीला तुझ्या कडकपणाचीच आठवण येत होती. एक म्हणाली, लसीचं कार्ड नाही म्हटल्यावर आपानं माझ्या नणंदेला उन्हातान्हाचं अक्कलकोटला परत पाठवलं होतं. दुसरी म्हणाली, माझ्या नवऱ्यानं देवाची शपथ घेतली तरी त्या म्हणाल्या, देवाची सही आण. मग कोपऱ्यात बसलेली एक आशाताई हळूच बोलली, "तरुणपणी त्यांच्या हातून एक चूक झाली होती ना, तेव्हापास्नं त्या अशा झाल्या. स्वतःच सांगायच्या आमाला." सगळ्यांनी माना हलवल्या. मी घरून किटलीत आणलेला चहा कपांत ओतत होते. ओतत राहिले.

त्या दिवसापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले. तुझ्याशी बोलताना मी कधी कागद घेतला नव्हता. तुझ्यासाठी मात्र किती लिहिलं, ते तुला ठाऊक आहे.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. बार्शीच्या कॉलेजात एक अख्खं वर्ष काढलेलं. नवरा नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला, पण मी सगळीकडं 'आमचं दुकान' म्हणायचे. गल्लीतल्या बायका नळावर भांडायच्या तेव्हा मी दारात खुर्ची टाकून मासिक वाचत बसायचे, आणि ते उलटं धरलंय हे एकदा सासूबाईंनी दाखवून दिलं होतं. ती शालन आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही. तिच्या कानाखाली वाजवावी असं मनात येतं, पण मग लक्षात येतं की ती मार खाऊन घेणारी नव्हती, दुसऱ्याकडं बोट दाखवणारी होती.

तू पांढऱ्या साडीत, घामानं भिजलेली, खांद्याला निळा डबा लावून दारात आलीस. सासूबाईंनी डबा उघडायला लावला, आत बर्फ बघितला आणि म्हणाल्या, "बाई, यातला वाईच बर्फ ताकात टाकायला दे की." तू हसून म्हणालीस, "देती आक्का, पण मग तुमच्या नातीची लस मी ताकातच बुडवून आणीन." मला ते फार गावंढळ वाटलं. मी तुला इंग्रजीत 'प्लीज सिट' म्हटलं. तू 'थँक्यू' म्हणून खाली जमिनीवर बसलीस आणि मंजूच्या मांड्या दाबून बघायला लागलीस. भाकरीचं पीठ बघतात तशी.

मंजू बार्शीला झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात पोरगी माहेरी जाते, बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की परत येते, आणि नंतर भावाचं लग्न, बहिणीचं डोहाळजेवण, पंचमी, दिवाळी म्हणून वर्षभर ये-जा करत राहते. बाळाचे सुरुवातीचे डोस तिकडं होतात, कार्ड तिकडचं मिळतं, आणि परत येताना बाळंतविडा, झबली, टोपडी, आईनं दिलेलं तूप, सगळं ट्रंकेत भरलं जातं, कार्ड तेवढं फळीवर राहतं. इकडची नर्स म्हणते तिकडं झालं असेल, तिकडची म्हणते इकडं होईल. तू तेव्हा काय करायचीस? आईला विचारायचीस. आई म्हणाली झालं, की तू तुझ्या वहीत बाळाच्या नावापुढं खूण करायचीस. सगळ्या नर्सा तसंच करायच्या. एका सकाळी साठ-साठ पोरं, कुणाकुणाचं कार्ड बघत बसणार?

मंजू साडेनऊ महिन्यांची झाली तेव्हा बुधवारी तू गोवरची लस घेऊन आलीस. मी भावाच्या लग्नाहून नुकतीच परतले होते. आणि त्या रविवारी गल्लीतल्या मंडळानं गुटगुटीत बाळांची स्पर्धा ठेवली होती.

आपा, हे तुला कधीच सांगितलं नाही. आता ऐक.

मागच्या त्रिगुणीच्या डोसाला मंजूची मांडी सुजली होती, दोन दिवस तापानं किरकिरली होती. मला वाटलं, आज सुई टोचली की रविवारी पोरगी रडक्या चेहऱ्यानं, सुजल्या मांडीनं स्टेजवर जाणार. मी तिच्यासाठी झालरीचा फ्रॉक शिवला होता. 'आमच्या दुकानातलं' कापड. तू विचारलंस, "गोवरचं घेतलं?" मी म्हटलं, "हो, बार्शीलाच घेतलं." तू विचारलंस, "कार्ड?" मी म्हटलं, "माहेरी राहिलं." कार्ड माहेरी राहिलं होतं ते खरंच होतं, त्यामुळे माझा चेहरा अगदी खरा दिसला असणार. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुझ्यासारख्या शिकलेल्या बायका असल्या म्हणजे आम्हाला सोपं पडतं." आणि खूण केलीस. तुझ्यामागं दहा-बारा बायका पोरं घेऊन उभ्या होत्या.

मला आठवतंय, मी खूश झाले. शिकलेली म्हणालीस म्हणून.

स्पर्धेत मंजूचा तिसरा नंबर आला. बाळं एकूण चार होती, त्यातलं एक झोपलं होतं. स्टीलची वाटी आणि चमचा मिळाला. ती वाटी घरात कुठं ठेवायची यावर माझं आणि सासूबाईंचं आठवडाभर भांडण चाललं होतं.

पाच-सहा आठवड्यांनी गल्लीत गोवर आली. आधी कोपऱ्यावरच्या दोन पोरांना, मग मंजूला. डोळे लाल, नाक गळतंय, अंगभर पुरळ. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि म्हणाल्या, "देवी हाय ती. घरात फोडणी द्यायाची न्हाय, डॉक्टरकडं न्यायाचं न्हाय, ती आली तशी जाईल." शिकलेली शालन काय करत होती? फोडणी न देता वरण शिजवत होती. चौथ्या दिवशी पोरीचा श्वास वाजायला लागला. तेव्हा तूच रिक्षा आणलीस, सासूबाईंच्या हातातून मंजूला अक्षरशः ओढून घेतलंस आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलंस.

अकरा दिवस. न्यूमोनिया, मग कान फुटला. पोरगी वाचली. उजव्या कानानं तिला तेव्हापासून ऐकू येत नाही.

त्या अकरा दिवसांत वॉर्डात जे झालं ते तू आयुष्यभर एका तऱ्हेनं सांगत आलीस. आता मी सांगते.

डॉक्टरनं विचारलं, गोवरची लस झाली होती का. सासूबाई म्हणाल्या, "नर्सच्या वहीत खूण हाय की." डॉक्टरनं कार्ड मागितलं. भाऊ बार्शीहून मंजूला बघायला आला तो कार्ड घेऊन आला. गोवरची जागा कोरी. म्हणजे वहीत खूण आणि कार्डावर काही नाही. तुझ्या साहेबांपर्यंत गोष्ट गेली. न टोचता टोचल्याचं लिहिलं, असं तुझ्यावर आलं.

दुपारी तू वॉर्डात आलीस. चेहरा उतरलेला. सासूबाई तुला नको नको ते बोलल्या. तू माझ्या शेजारी लोखंडी खाटेच्या कडेला बसलीस आणि अगदी हळू विचारलंस, "शालन, त्या बुधवारी मी तुला विचारलं होतं ना? तू काय सांगितलंस मला? नीट आठवून सांग. माझ्या डोक्यात ती सकाळ येईना झालीय."

सासूबाई समोर होत्या. नवरा दारात उभा होता. मंजूच्या नाकात नळी होती. मी म्हटलं, "मला नाही आठवत."

तू मग म्हणालीस, "मग माझंच चुकलं असणार. त्या दिवशी आणखी एक मंजू होती, तिच्याऐवजी हिच्यापुढं खूण झाली असंल."

आणि उठून मंजूच्या अंगावरची चादर सारखी केलीस.

पहिलं खोटं हौसेचं होतं. ते मी एकवेळ त्या मूर्ख पोरीला माफ करीन, झालर शिवण्यात तिचं डोकं गेलं होतं. दुसरं खोटं मी पूर्ण शुद्धीत बोलले.

तुला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात तू चूक कबूल केलीस. बढतीच्या यादीतून नाव गेलं, ते पुन्हा आलं तोवर तुझ्याबरोबरच्या बायका तुझ्या साहेबीण होऊन बसल्या होत्या. मला हे सगळं वर्षभरानंतर कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. तू स्वतः कधी बोलली नाहीस. तू पुढच्याच बुधवारी निळा डबा घेऊन गल्लीत आलीस आणि पहिल्याच दारात म्हणालीस, "कार्ड दाखव. तोंडी काही ऐकणार नाही."

तिथून तू ती तू झालीस. जिला सगळे ओळखतात ती.

आणि तिथूनच तुझी दुसरी वही सुरू झाली, माहेरवाशिणींची. गल्लीतली कुठली सून कुठल्या गावी बाळंतपणाला गेली, कुठल्या घरची लेक इथं आली, बाळ किती आठवड्यांचं, कोणता डोस कुठं व्हायचाय. तू त्या त्या गावच्या नर्सला पोस्टकार्ड टाकायला लागलीस. बार्शी, अक्कलकोट, मोहोळ, पार कर्नाटकात इंडीपर्यंत. पण तू उर्दू शाळेत शिकलेली, मराठी लिहायला तुला घाम फुटायचा. एक दिवस दारात बसून पोस्टकार्डाशी झटापट करत होतीस, मी आतून बघत होते. बाहेर येऊन म्हटलं, "द्या इकडं. माझं अक्षर चांगलं आहे."

तुला वाटलं, या बाईला उपकाराची जाण आहे. मंजूला वाचवलं म्हणून राबतेय.

मी राबलेच, आपा. तू सांगायचीस, मी लिहायचे. 'आपल्या गावातील अमुक यांची कन्या सौ. तमुक बाळंतपणास आली असून बाळास दीड महिन्याचा डोस देणे आहे, कृपया कार्डावर नोंद करून कळवावे.' मी शेवटी 'आपली नम्र' लिहायचे तर तू म्हणायचीस, नम्र कशाला, कळवलं नाही तर मी स्वतः येईन असं लिही. तिकडूनही उत्तरं यायला लागली. इंडीच्या नर्सनं एकदा कानडीत लिहिलं, ते वाचून घ्यायला आपण दोघी पेठेत तीन दुकानं हिंडलो. तिसऱ्या दुकानदारानं वाचून सांगितलं की बाळाला डोस दिला आहे, आणि तुमचं अक्षर फार सुंदर आहे. तू मला दिवसभर त्यावरून छळलंस.

कधी 'सिस्टर'ची 'आपा' झाली, कधी अहो-जाहो गळून पडलं, मला आठवत नाही. हे मात्र खरंच आठवत नाही.

तुझ्याबरोबर हिंडताना मी माणसं बघायला शिकले. पोटुशी बाई तीन-चार महिने कुणाला सांगत नाही, दृष्ट लागेल म्हणून, आणि तुला तर तिला वेळेत धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं असायचं. तू घरात शिरायचीस, पाणी मागायचीस आणि फळीवर नजर टाकायचीस. शाळेत जाणारं पोर नाही आणि फळीवर पाटीवरच्या पेन्सिलींचं खोकं. बाहेर आल्यावर म्हणायचीस, "खातीय बघ. दोन महिने झाले असतील." एकदाही चुकली नाहीस. माझा प्रकाश पोटात होता तेव्हा मी पेन्सिली पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. तू माझ्याकडं भाकरी खायला बसलीस, घास घेतलास आणि दातात कचकच लागली. "अगे, शालन," म्हणालीस, "भाकरीत पाटी घातलीस का काय?" आणि पिशवीतून सुई काढलीस.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. खोटं बोलणाऱ्या आईचं काय करायचं? मी म्हणायचे, तिला चार बायकांत झापायचं, म्हणजे पुन्हा बोलणार नाही. तू म्हणायचीस, नक्को. आई खोटं बोलते ती भीतीनं बोलते. पोराला ताप येईल, सासू ओरडेल, नवरा मारेल. तिच्यावर रागवायचं नाही, नुसतं कार्ड मागायचं. मी म्हटलं, "सगळ्या काही भीतीनं बोलत नाहीत. काही हौसेनंही बोलतात."

तू पोट धरून हसलीस. "हौसेनं? पोराच्या जिवापुढं कसली हौस गं? तू पण काय डोकं चालवतीस."

मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. तुला खरंच तसं वाटत होतं. त्या क्षणी बोलले असते तर बोलले असते. तू डबा उचललास आणि पुढच्या दारात गेलीस. हे भांडण आपण वर्षानुवर्षं केलं आणि ते अजून मिटलेलं नाही.

आणि मग ती तुझी गोष्ट. नव्या नर्सा आल्या, पुढं आशाताया आल्या, की पहिल्या दिवशी तू त्यांना ती सांगायचीस. "माझ्याकडनं एक चूक झाली होती. न बघता खूण केली. त्या पोरीचा कान गेला. ती पोरगी अजून मला आपा म्हणून हाक मारते, आणि डावा कान पुढं करून ऐकते. म्हणून सांगते, कार्ड बघितल्याशिवाय पेन टेकवू नका." नाव कधी घेतलं नाहीस. घरचं नाव जाऊ नये म्हणून. आणि मी तिथंच, भिंतीला टेकून, पोस्टकार्डं लिहीत बसलेली. कुणी नवी मुलगी हळहळून म्हणायची, आपा, तुमची काय चूक, त्या आईनंच काहीतरी सांगितलं असेल. तर तू तिला गप्प करायचीस. आईला काही बोलायचं नाही म्हणायचीस, तिनं भोगलंय.

पुष्कळदा मनाला समजावते की तुला ठाऊक असणार. पाटीच्या पेन्सिलीवरून महिने मोजणारी बाई, तिला माझं तोंड वाचता आलं नसेल? ठाऊक होतं आणि तू मला सांभाळलंस, असं म्हटलं की फार बरं वाटतं. पण ते मला बरं वाटतं म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही. ती गोष्ट सांगताना तुझा आवाज दर वेळी एकाच ठिकाणी अडायचा. नाटक करणाऱ्याचा आवाज इतकी वर्षं त्याच जागी अडत नाही. तू खरंच मानत होतीस की पोरीचा कान तुझ्यामुळं गेला. तेच घेऊन गेलीस.

सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. तुझ्या निरोपसमारंभाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं, मी तुझ्या निळ्या डब्यावर विनोद केले आणि टाळ्या घेऊन बसले. गेल्या महिन्यात तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा रोज सकाळी येत होते. एकदा तुझा हात हातात घेऊन म्हटलं, "आपा, मंजूच्या वेळचं एक बोलायचं होतं." तू डोळे न उघडता विचारलंस, "मंजू बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. तू म्हणालीस, "मग झालं." तुला गोड झोप लागली. तुला त्रास नको म्हणून गप्प बसले, असं मी घरी येताना स्वतःला सांगितलं. या वयातही मला स्वतःच्या थापा पटतात.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मंजूला पुण्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. फ्रॉक, स्पर्धा, वॉर्ड. अडतीस वर्षांची बाई ती आता, शाळेत शिकवते, वर्गात मुलांना डाव्या बाजूला बसवते. ती काही वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन चुकून उजव्या कानाला धरलाय. मग तिनं विचारलं, "आपाला सांगितलं होतंस?"

मी म्हटलं, नाही.

"मग मला काय सांगतेस," म्हणाली आणि फोन ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही. मी तिला दोष देत नाही. माझी आपा गेली तशी तिचीही गेली, आणि ती तुला शेवटच्या आजारात बघायला आली तेव्हा काय म्हणाली होती माहिती आहे? बाहेर आल्यावर तिनं तेव्हाच मला सांगितलं होतं. तुझ्या कानाशी वाकून म्हणाली होती, 'आपा, तुमची चूक मी कधीच मनात धरली नाही.' पोरीनं तुला नसलेल्या चुकीची माफी दिली, आणि तू ती घेतलीस.

काल बुधवार होता. प्रकाशची बायको लातूरहून माहेरपण आटोपून आलीय, बाळ साडेनऊ महिन्यांचं. गोवरची लस द्यायची होती. सूनबाई म्हणाली, "आई, कार्ड लातूरलाच राहिलं वाटतं, पण ते मोबाईलवर पण असतंय म्हणे." तुझ्या माहेरवाशिणींच्या वहीचं काम आता मोबाईल करतो, पण गावं बदलली की कधीकधी तिकडच्या नर्सलाच विचारावं लागतं. आम्ही बाळाला घेऊन दवाखान्यात गेलो. तुझ्या जागेवर आता शिल्पा सिस्टर असते. तिनं कार्ड मागितलं, मोबाईल मागितला, लातूरच्या नर्सला फोन लावला, गोवरचं बाकी आहे हे ऐकलं आणि मगच सुई भरली. तू हवी होतीस बघायला.

बाकावर तीन नव्या आशाताया बसल्या होत्या, त्यांचा पहिला दिवस. बाळ रडून शांत झालं तशी शिल्पानं त्यांना सांगायला सुरुवात केली. "आमच्या मोठ्या आपा होत्या, परवाच वारल्या. त्या नेहमी सांगायच्या, त्यांच्याकडून एक चूक झाली होती..."

अगदी तुझ्यासारखंच सांगत होती. थांबायच्या जागाही त्याच. तेव्हा मला दिसलं की हे आता थांबणार नाही. ही मुलगी आणखी तीस वर्षं सांगेल, या तिघी पुढच्यांना सांगतील, आणि दर वेळी चूक तुझी.

मी उठले. गुडघा वाजला. म्हटलं, "सिस्टर, चूक त्यांची नव्हती. त्यांनी विचारलं होतं. आईनं खोटं सांगितलं."

शिल्पा म्हणाली, "आजी, पण आपा स्वतःच तर..."

"त्यांना खरं माहीत नव्हतं. ती आई मी आहे."

सगळं सांगितलं. उभ्यानंच. बाकावरच्या बायका, सूनबाई, लस टोचून घेतलेल्या पोरांच्या आया, सगळ्यांपुढं. चार बायकांत झापायचं असं मीच म्हणायचे ना, ते स्वतःचं स्वतः केलं. मला वाटलं होतं कुणीतरी काही बोलेल, सासूबाईंसारखं. एका आशाताईनं मला बसायला जागा केली, ते जास्त लागलं. सूनबाई बाळाला छातीशी धरून माझ्याकडं बघत होती. घरी आल्यावर पहिलं काम तिनं लातूरला फोन करून कार्ड मागवलं.

शिल्पानं शेवटी विचारलं, "मग आजी, आता ही गोष्ट मी कशी सांगू?"

"माझ्या नावानं सांग," म्हटलं. नाव सांगितलं, आडनावासकट, गल्लीसकट. "आपानं विचारलं होतं हे आधी सांग. मग माझं सांग."

आज सकाळी दूध आणायला गेले तर कोपऱ्यावरच्या दोघी मला बघून बोलायच्या थांबल्या. म्हणजे पोचलंय. संध्याकाळपर्यंत तुझ्या बहिणीच्याही कानावर जाईल, मंजूला सूनबाई कळवेल. आता शुक्रवार पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे, आपा. एक तुलाच तेवढं नाही.